संपविणें आणि पुरें करणें

मासिकाच्या गंभीर पानांवर व्हिडिओ गेमसारख्या विषयाला जागा द्यावी कीं न द्यावी, याविषयीं आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत शंका उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. खेळ हा मुलांचा विषय, आणि त्यांतही पडद्यावर चालणारा खेळ म्हणजे पालकांच्या तक्रारीचा विषय, अशी आपल्याकडे साधारण समजूत आहे. ती खोटी आहे असें सिद्ध करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु नीतीचे प्रश्न नेहमीं शास्त्रीपंडितांच्या सभेंतच उभे राहतात असें नाहीं. ते स्वयंपाकघरांत, आगगाडीच्या डब्यांत आणि पत्त्यांच्या डावांतही उभे राहतात, व पुष्कळदां तेथेंच ते अधिक स्पष्ट दिसतात. कारण तेथें माणूस सावध नसतो. गेल्या उन्हाळ्यांत असाच एक प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलींत, आमच्या भाच्याच्या संगणकासमोर, आम्हांस भेटला. तो असा: एखादें काम ठराविक मुदतींत पुरें करण्याचें आपण पत्करलें, आणि मुदत अपुरी पडूं लागली, तर त्या मुदतीसाठीं काय काय टाकून देण्याचा आपणांस अधिकार आहे?

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ‘एक्सकॉम २’ हा खेळ फिरॅक्सिस या अमेरिकन संस्थेनें २०१६ सालीं बाहेर आणिला. त्याचें कुळ मात्र जुनें आहे. ज्युलियन गॉलप या इंग्रज रचनाकाराचा जो खेळ १९९४ सालीं लोकांपुढें आला, त्याचाच हा वंशज होय. कथा अशी कीं, २०१५ सालीं परग्रहावरून आलेल्या शत्रूनें मानवजातीचा पराभव केला, आणि त्यानंतर वीस वर्षें पृथ्वीवर त्याचेंच राज्य चालू आहे. वरवर पाहतां हें राज्य सुखाचें आहे. शहरें स्वच्छ आहेत, रोगांवर उपचार होतात. परंतु आंत कांहीं भयंकर घाट घातला जात आहे. मूठभर बंडखोर शत्रूकडूनच हिरावून घेतलेल्या एका अवाढव्य विमानांत राहून त्याच्याशीं झगडतात, आणि खेळणारा हा त्यांचा सेनापति. शत्रूच्या गुप्त कारस्थानाचें नांव आहे ‘अवतार’. आपल्या पुराणांत जो शब्द धर्माच्या रक्षणासाठीं येतो, तोच येथें मानवजातीच्या उच्छेदासाठीं योजलेला पाहून आम्हांस प्रथम थोडें हसूंच आलें.

हा खेळ पाळीपाळीनें खेळावयाचा आहे. बुद्धिबळांत ज्याप्रमाणें एका बाजूनें खेळी केल्यावांचून दुसरी बाजू हलत नाहीं, त्याचप्रमाणें येथें आपले चार ते सहा सैनिक आपापलें काम उरकीपर्यंत शत्रु स्तब्ध उभा असतो. एका पाळींत सैनिकानें चालावें व गोळी झाडावी, किंवा दुप्पट अंतर चालून जावें, किंवा दबा धरून पहारा करीत बसावें. गोळी लागण्याचा संभव शेंकडा किती, हें झाडण्यापूर्वींच पडद्यावर लिहून येतें. आणि शेंकडा ८५ संभव असलेली गोळीही चुकते, हा अनुभव खेळणाऱ्यास लवकरच येतो. मेलेला सैनिक पुन्हां उठत नाहीं. त्याचें नांव विमानांतील स्मृतीच्या भिंतीवर लागतें, आणि मोहीम पुढें चालते.

या मोहिमेस काळाचीं दोन बंधनें आहेत. बऱ्याच कामगिऱ्यांस पाळ्यांची मर्यादा घातलेली असते. इतक्या पाळ्यांत कैदी सोडवून आणावयाचा, अथवा इतक्या पाळ्यांत शत्रूचें यंत्र निकामी करावयाचें. कैदी सोडविण्याच्या कामगिरींत आंकडा संपला कीं सुटकेचें विमान निघून जातें, आणि जो मागें राहिला तो शत्रूच्या हातीं सांपडतो. दुसरें बंधन सबंध मोहिमेस आहे. ‘अवतार’ कारस्थान किती पुढें गेलें हें दाखविणारी तांबड्या चौकटींची एक ओळ जगाच्या नकाशावर दिसत असते. ती पूर्ण भरली, आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत शत्रूच्या गुप्त केंद्रांवर घाला घालून आपण ती मागें रेटली नाहीं, तर सारी मोहीम बुडाली असें समजावें.

दोन्ही बंधनें कडक आहेत खरीं. परंतु त्यांत एक सूक्ष्म गोष्ट आहे, व तिच्यावरच आमच्या पुढील विवेचनाची भिस्त आहे. हीं बंधनें कृतीवर आहेत, विचारावर नाहींत. आठ पाळ्या मिळाल्या तर आठच. पण एका पाळीचा विचार करण्यास आपण आठ मिनिटें घ्या, आठ तास घ्या, वाटल्यास एक रात्र मध्यें जाऊं द्या. शत्रु आपल्या जागीं उभा राहील. म्हणजे हा खेळ पावलांची काटकसर शिकवितो, विचाराची नव्हे.

हीं बंधनें घालण्यामागें कारणही होतें. याच मालिकेंतील २०१२ च्या खेळांत पाळ्यांची मर्यादा क्वचितच असे. परिणाम असा झाला कीं, एक पाऊल टाकावें, दबा धरून बसावें, पुन्हां एक पाऊल टाकावें, अशा गोगलगाईच्या चालीनें लोक जिंकूं लागले. जिंकण्याचा तोच सर्वांत सुरक्षित मार्ग होता, आणि तोच सर्वांत कंटाळवाणा. मुख्य रचनाकार जेक सॉलोमन यांनीं म्हणून पुढील खेळांत पाळ्या मोजून दिल्या. पुष्कळ खेळणारे रागावले. कित्येकांनीं हीं बंधनें सैल करणारे फेरफार स्वतः तयार करून एकमेकांस वाटले. आणि २०१७ सालीं निघालेल्या विस्तारांत कामगिरीच्या पाळ्या दुप्पट करून घेण्याची सोय खुद्द संस्थेनेंच ठेविली.

या वादांत आमचें मत रचनाकारांच्या बाजूस झुकतें. मुदत नसली कीं माणूस अधिक विचार करतो असें आपण समजतों. वस्तुतः तो पुष्कळदां फक्त अधिक थांबतो. आपल्या घराघरांतून याचीं उदाहरणें दिसतील. वडिलांच्या हयातींत वाटणीचा कागद करावयाचा राहून जातो. आईचें डोळ्याचें दुखणें ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ म्हणतां म्हणतां दोन वर्षांचें होतें. मुलीनें पुढें काय शिकावें हा प्रश्न प्रवेशाचा शेवटचा दिवस येईपर्यंत कोणी उघडीतच नाहीं. निर्णय न घेणारा मनुष्य आपण कोणाचें वाईट केलें नाहीं या समाधानांत असतो. परंतु न घेतलेल्या निर्णयालाही फळें येतात, आणि तीं बहुधा दुसऱ्यास खावीं लागतात. अशा माणसापुढें कोणीं पाळ्यांचा आंकडा मांडून ठेविला तर तो त्याच्यावर उपकारच होय.

बुद्धिबळाच्या इतिहासावरूनही हेंच दिसतें. चतुरंगाच्या रूपानें हा खेळ आपल्या देशांतून इराणांत आणि तेथून पश्चिमेकडे गेला. परंतु एका खेळीस किती वेळ घ्यावा, याचें बंधन शतकानुशतकें नव्हतें. १८५१ सालीं लंडन येथें पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हां कित्येक डाव तासन् तास रेंगाळले आणि त्याबद्दल तक्रारी झाल्या. १८६१ सालीं आंडरसन व कोलिश यांच्या सामन्यांत वाळूचीं घड्याळें आलीं. आणि १८८३ च्या लंडन येथील स्पर्धेंत प्रत्येक खेळाडूचा वेळ वेगळा मोजणारें यांत्रिक जोडघड्याळ पटाशेजारीं येऊन बसलें. घड्याळ आलें तें खेळ भराभर व्हावा एवढ्यासाठींच नव्हे. एकानें अमर्याद विचार करीत बसणें म्हणजे समोरच्याचें आयुष्य त्याच्या संमतीवांचून खर्च करणें होय, ही गोष्ट लोकांस पटली, म्हणून आलें. तें घड्याळ न्यायासाठीं आहे.

येथवर मुदतीची बाजू आम्हीं मांडली. आतां आमची हकीकत सांगतों, म्हणजे दुसरी बाजूही वाचकांच्या ध्यानांत येईल.

आमचा भाचा दहावीची परीक्षा देऊन सोळा दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. पुढें तो दूरच्या गांवीं शिक्षणासाठीं वसतिगृहांत जावयाचा होता. तेव्हां अशी उन्हाळ्याची सुटी पुन्हां येईल कीं नाहीं, हें त्यालाही सांगतां येत नव्हतें व आम्हांसही. पहिल्याच रात्रीं तो म्हणाला, “मामा, मी जायच्या आधीं आपण दोघांनीं मिळून ही मोहीम पुरी करूं या.” आम्हीं होकार दिला. ठरलें असें कीं, रोज रात्रीं जेवणानंतर दोन तास बसावयाचें. कोणींही एकट्यानें खेळावयाचें नाहीं. आणि झालेलें पुसावयाचें नाहीं. या शेवटल्या अटीचा अर्थ सांगितला पाहिजे. खेळांत कोणत्याही क्षणीं तेथपर्यंतची मोहीम जपून ठेवतां येते, आणि पुढें कांहीं वाईट घडलें तर मागच्या खुणेवर परत जाऊन नव्यानें आरंभ करतां येतो. ही पळवाट मुळापासून बंद करणारा ‘आयर्नमॅन’ नांवाचा एक प्रकार खेळांतच आहे. परंतु संगणक जुना, मध्येंच बंद पडला तर सर्वच जाईल, अशी भीति वाटून आम्हीं तो निवडला नाहीं. त्याऐवजीं एकमेकांस शब्द दिला. सोय असूनही ती वापरावयाची नाहीं, असें ठरविलें.

सैनिकांस आपल्या आवडीचीं नांवें देतां येतात. भाच्यानें घरांतील सर्व माणसें भरती केलीं. आम्ही स्वतः तिसऱ्याच कामगिरींत कामास आलों, याचें त्याला फारसें दुःख झालेलें दिसलें नाहीं. मात्र त्याच्या आजीचें, म्हणजे आमच्या मातोश्रींचें नांव मिळालेली नेमबाज बाई कधीं चुकत नसे. तिला लवकर लवकर बढती मिळाली. मातोश्रींचें वय अठ्ठ्याहत्तर. शेजारच्या खोलींत जप आटोपला कीं त्या विचारीत, “आज मी कितीजणांना लोळवलं रे?” आणि भाचा मोठ्यानें आंकडा सांगे.

पहिले दहा दिवस फार आनंदांत गेले. प्रत्येक पाळीचा आम्ही विचार करीत असूं. या भिंतीआड कोणी असेल काय, आधीं कोणीं पुढें व्हावें, गोळी चुकली तर माघारीची वाट कोणती, यावर दोघांचा वाद होई. आणि वादांत भाचा बहुधा बरोबर ठरे. एका रात्रीं तर एका पाळीवर आम्हीं चाळीस मिनिटें घालविलीं, व शेवटीं एकही सैनिक न दुखावतां ती कामगिरी पार पडली. वडीलधाऱ्या माणसाशीं बरोबरीनें वाद घालतां येतो आणि त्यांत जिंकतांही येतें, हा शोध त्या मुलास लागत होता. आणि हरण्यांतही सुख असतें, हा आम्हांस.

अकराव्या दिवशीं आम्हीं हिशेब केला. आमचा व्यवसाय अध्यापनाचा. अभ्यासक्रम संपविण्याची चिंता हाडांत भिनलेली. उरलेल्या कामाचा अंदाज घेऊन त्यास उरलेल्या दिवसांनीं भागिलें, तेव्हां या गतीनें मोहीम पुरी होणार नाहीं हें उघड झालें. त्या रात्रीपासून आमच्या बोलण्यांत ‘चला, चला’ हा शब्द येऊं लागला. वाद थांबले. भिंतीआड कोणी आहे काय हें पाहण्याऐवजीं ‘नसेल’ असें आम्ही धरून चालूं लागलों. लक्षांत घ्यावें कीं, खेळानें आमच्यावर नवें बंधन घातलें नव्हतें. शत्रु पूर्वींप्रमाणेंच आमची वाट पाहत उभा होता. पाळ्यांवरचें बंधन विचारावर आणून बसविलें तें आम्हीं.

तेराव्या रात्रीं एका कैद्यास सोडवून आणावयाचें होतें. कैदी मिळाला, चार पाळ्या उरल्या. पलीकडच्या गच्चीचा ठाव घेण्यास एक पाळी खर्चावी असें भाचा म्हणत होता. आम्हीं त्याच्या हातून माउस घेतला आणि एका शिपायास थेट पुढें धांवडविलें. गच्चीवर शत्रूची दुसरी टोळी दबून होती. ती जागी झाली. त्यांतून कैदी व इतर सैनिक कसेबसे विमानापर्यंत पोंचले. परंतु सर्वांस मागून आसरा देत दूरच्या छपरावर बसलेली नेमबाज बाई दोन पावलें कमी पडली. आंकडा संपला, विमान निघालें, आणि ती शत्रूच्या हातीं सांपडली.

भाचा कांहीं बोलला नाहीं. बोललों तें आम्हीच. हें मागें घेऊं, असें आम्हीं सुचविलें. चूक आमची होती, त्याची नव्हे. शिवाय तीनच दिवस उरलेले, अशी अनुभवी नेमबाज गेली तर मोहीम पुरी होणें अशक्य, असे युक्तिवाद केले. मुलगा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, “मामा, आतां आपण खेळत नाहीं. आपण नुसतें संपवतों आहोंत.” त्याच वेळीं आंतून मातोश्रींचा आवाज आला, “मला टाकून गेलांत होय रे? बरं, झोंपा आतां. उद्यां पाहा माझं काय तें.” आम्ही तिघेही हसलों. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

झोंप न येण्याचें कारण तो खेळ नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका विद्यापीठाचे परीक्षक होतों. तीनशें उत्तरपत्रिका दहा दिवसांत तपासून द्यावयाच्या होत्या, आणि ती मुदत आम्हीं सही करून स्वीकारली होती. पहिले आठ दिवस आम्हीं जितक्या काळजीनें तपासल्या, तितक्या काळजीनें तपासीत राहिलों असतों तर शेवटल्या साठ-सत्तर पत्रिका राहिल्या असत्या. म्हणून शेवटल्या दोन दिवसांत आम्हीं वेग वाढविला. गठ्ठा वेळेवर पोंचला. वेळेवर पोंचविल्याबद्दल आम्हांस समाधानही वाटलें. पुढें कांहीं महिन्यांनीं खुलासा मागणारें पत्र आलें. एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेस जोडलेली पुरवणी आम्हीं उलटूनच पाहिली नव्हती. फेरतपासणींत त्याचे नऊ गुण वाढले. परंतु त्याला ज्या ठिकाणीं प्रवेश हवा होता तेथील शेवटची तारीख तोंवर निघून गेली होती. आम्हीं खुलाशांत ‘कामाचा ताण व अपुरी मुदत’ असें लिहिलें. तें खोटें नव्हतें. पण त्या तीनशें पत्रिकांमध्यें शेवटच्या साठांत येण्याचा अपराध त्या मुलानें केला नव्हता. त्याचें नांव आम्हांस माहीत नाहीं. क्रमांक मात्र अद्यापि पाठ आहे.

छपरावर मागें राहिलेली ती बाई आणि गठ्ठ्याच्या तळाशीं राहिलेला तो मुलगा, या दोघांत आम्हांस त्या रात्रीं एकच सूत्र दिसलें. घाई आम्हीं केली आणि किंमत दुसऱ्यानें दिली. सेनापति कधीं छपरावर नसतो. परीक्षक कधीं गठ्ठ्यांत नसतो. ‘वेळ नव्हता’ असें जेव्हां माणूस म्हणतो, तेव्हां तो वेळ कोणाच्या वांट्याचा कापला गेला, हें तो बहुधा सांगत नाहीं.

यावरून मुदतीचे तीन प्रकार करावे असें आम्हांस वाटतें. पहिली मुदत वस्तूच्या स्वभावांतून येते. कैद्याचा जीव जावयाचा असतो, पावसापूर्वीं पेरणीची तयारी व्हावयाची असते, ताप चढत असतो. तेथें उशीर हाच अनर्थ. दुसरी मुदत न्यायांतून येते. बुद्धिबळाचें घड्याळ त्या प्रकारचें. दुसरा मनुष्य आपल्या खेळीची वाट पाहत आहे, म्हणून आपण आवरतें घ्यावयाचें. या दोन्ही मुदतींपुढें मान लवविणें हा धर्मच आहे. तिसरी मुदत आपण स्वतःच्या समाधानासाठीं घालतों: अमुक तारखेपर्यंत अमुक केलेंच पाहिजे, म्हणजे तें झालें असें म्हणतां येईल. हीही वाईट नाहीं; आळसावर ती औषध आहे. परंतु औषधाचा अधिकार औषधापुरताच. पहिल्या दोन मुदतींसाठीं जें टाकतां येईल, तें तिसरीसाठीं टाकतां येत नाहीं. आणि आपली फसगत होते ती बहुधा याच ठिकाणीं कीं, तिसऱ्या मुदतीस आपण पहिलीचा पोशाख चढवितों. भाच्याच्या जाण्याच्या दिवसानें कोणाचा जीव जात नव्हता. पण ‘चला, चला’ म्हणतांना आमचा आवाज मात्र आग विझविणाऱ्या माणसाचा होता.

येथें एक आक्षेप येईल, व तो आम्हीं स्वतःवरही घेऊन पाहिला आहे. उत्तरपत्रिकांची मुदत तर न्यायाची होती. हजारों विद्यार्थी निकालाची वाट पाहत होते. मग वेग वाढविला यांत चूक काय? उत्तर असें कीं, चूक वेग वाढविण्यापूर्वींच झाली होती. तीनशें पत्रिका दहा दिवसांत नीट तपासून होणार नाहींत, हें आम्हांस तिसऱ्या दिवशीं समजलें होतें. त्याच दिवशीं तसें कळविलें असतें, कांहीं पत्रिका परत केल्या असत्या, तर लाज आम्हांस वाटली असती आणि नुकसान कोणाचेंच झालें नसतें. आम्हीं आपली लाज वांचविली, आणि तिची किंमत एका अनोळखी मुलाच्या खात्यावर टाकली. मुदत पाळणें हा गुण खरा. परंतु ती पाळली जाणार नाहीं हें वेळेवर सांगणें हाही गुणच आहे, आणि तो अधिक दुर्मिळ आहे, कारण त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाहीं.

दुसरा आक्षेप मागें परत जाण्याविषयीं. खेळांत सोय आहे, नियमाविरुद्ध कांहीं नाहीं, कोणाचें नुकसान नाहीं. मग त्या रात्रीं खूण मागें घेतली असती तर काय बिघडलें असतें? खेळाचें कांहींच बिघडलें नसतें. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द, काम अडलें कीं मोडावयाचा असतो, एवढा धडा त्याला मामाकडून मिळाला असता. शिवाय आमची मागणी चूक सुधारण्याची नव्हतीच. सुधारावयाची असती तर आम्ही ‘आतां सावकाश खेळूं’ असें म्हटलें असतें. आम्हांस घाईही तशीच ठेवावयाची होती आणि घाईचें फळ मात्र नको होतें. आयुष्यांत अशी खूण कोठेंच नसते, तें एका परीनें बरेंच आहे. ती असती तर आपण प्रत्येक पुरवणी न उलटतां पुढें गेलों असतों, आणि पत्र आल्यावर तेवढीच एक रात्र मागें घेतली असती.

त्यानंतरच्या तीन रात्रीं आम्ही पहिल्यासारखे खेळलों. माउस भाच्याच्या हातीं राहिला. वाद पुन्हां सुरू झाले. तीन रात्रींत दोन कामगिऱ्या झाल्या, आणि निघण्याच्या दिवशीं सकाळीं त्यानें संगणक पिशवींत भरला, तेव्हां मोहीम अपुरी होती. आम्हांस वाईट वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. दोघांनीं मिळून शेवट पाहावा ही इच्छा लहान नव्हती, आणि ती पुरी झाली नाहीं. परंतु निरोप घेतांना आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. त्याच्या जाण्याची वेळ ही खरोखर मोहिमेची मुदत नव्हतीच. ती आमच्या सहवासाची मुदत होती. मोहीम तर कधींही पुरी करतां आली असती, कारण त्या खेळांतला शत्रु थांबावयास तयार होता. थांबणारें नव्हतें तें दुसरेंच कांहीं; आणि तेंच आम्हीं मधले कांहीं दिवस मोहीम संपविण्यासाठीं खर्चीं घातलें होतें.

या खेळांत शत्रूच्या हातीं सांपडलेला सैनिक कायमचा जातोच असें नाहीं. पुढें एखाद्या कामगिरींत त्याला सोडवून आणण्याची संधि कधीं कधीं मिळते. गणपतीच्या सुमारास भाच्याचा फोन आला, तेव्हां अभ्यास, खाणावळ, प्रकृति यांची चौकशी झाल्यावर आम्हीं सहज विचारलें कीं, मोहीम पुरी झाली काय.

तो म्हणाला, “नाहीं मामा. शेवटची कामगिरी उघडली आहे, पण मी गेलों नाहीं. ती ओळ एकदां भरत आली होती, ती मागें रेटली. आधीं आजीला सोडवायचंय.”

मातोश्री शेजारींच बसल्या होत्या. त्यांना आम्हीं हें सांगितलें. त्यांनीं कांहीं वेळ वाती वळणें थांबविलें, आणि म्हणाल्या, “त्याला म्हणावं, सावकाश ये. मी कुठं जातेय?”